जखमेवरचं पान

बर्न्स वॉर्डात सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली निघाली की पेशंट चाकांच्या आवाजानेच जागे होतात. भाजण्याचं दुखणं पहिल्या दिवशीचं. त्यानंतरचं रोजचं दुखणं पट्टी बदलण्याचं. कोरडं गॉज जखमेतून झरणारं पाणी शोषून घेतं, रात्रीतून वाळतं आणि सकाळपर्यंत जखमेला घट्ट धरून बसतं. सिस्टर त्यावर सलाइन ओततात, मुरू देतात. मावशी पेशंटचा हात धरून ठेवतात. मग एका कडेने ते सोडवायला सुरुवात होते. गॉज निघतं, पण एकटं निघत नाही. रात्रभरात जखमेच्या कडेकडून आत सरकलेली नवी पातळ कातडी त्याला चिकटून जाते, रक्ताचे ठिपके उगवतात आणि भरून येऊ लागलेली जखम एक दिवस मागे जाते. मोठ्या जखमेच्या पेशंटला हे आठवडेच्या आठवडे सोसावं लागतं.

भारतात दरवर्षी 10 लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्टोव्ह, चूल, उकळतं पाणी, पेटलेला पदर, शॉर्टसर्किट आणि दिवाळीच्या दिवसांत फटाके. यातले बहुसंख्य गरीब घरातले. त्यांची गाठ पडते ती सरकारी नाहीतर महापालिकेच्या रुग्णालयाशी. तिथे गॉजचा तागा असतो, पांढरं सिल्व्हर सल्फाडायाझिन मलम असतं आणि खाटा पुरत नाहीत. परदेशी बनावटीची न चिकटणारी पट्टी तळहाताएवढी असली तरी तिची किंमत ऐकून नातेवाईक गप्प बसतात. पाठ, पोट, दोन्ही मांड्या भाजलेल्या माणसाला अशा किती पट्ट्या लागतील, हा हिशेब वॉर्डात कुणी मांडतही नाही.

गॉजच्या या चिकटण्यावर पहिला मोठा उतारा आला फ्रान्समधून आणि तो काढणाऱ्याला आपण वेगळ्याच कारणासाठी ओळखतो. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्यांची हलती चित्रं दाखवली गेली, त्या ल्युमिएर बंधूंपैकी थोरले ऑगस्त. पहिल्या महायुद्धात त्यांनी सुती जाळीला पॅराफिन माखून जखमेवर ठेवायची पट्टी बनवली. आपल्याकडचं व्हॅसलिन गॉज त्याच घराण्यातलं. त्याच युद्धात कापूस अपुरा पडला तेव्हा ब्रिटनमधल्या बायकामुलांनी दलदलीत उगवणारं स्फॅग्नम शेवाळ गोळा करून, वाळवून, निवडून त्याच्या गाद्या शिवल्या. स्वतःच्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवणारं हे शेवाळ कापसापेक्षा सरस ठरलं आणि युद्ध संपताच विसरलंही गेलं. वनस्पतींच्या पट्ट्यांची कथा अशी वारंवार घडते: अडचणीच्या वेळी आठवण आणि अडचण सरली की विस्मरण.

जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की बरं वाटेल, हा समज घरोघरी आहे. डॉक्टरांचाही तो बराच काळ होता. 1962 साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकाने 'नेचर'मध्ये एक छोटा लेख छापला. त्याने लहान डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही साध्या पॉलिथिनने झाकल्या. झाकलेल्या, म्हणजे ओल्या राहिलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने चढली. कारण साधं होतं. नवी कातडी बनवणाऱ्या पेशींना सरकायला ओल लागते. वर खपली असेल तर त्यांना खालून, ओली जागा शोधत, वाट उकरत जावं लागतं. डुकरं निवडण्यालाही अर्थ होता. त्यांची कातडी आपल्यासारखी मांसाला धरून असते. उंदराची कातडी सैल असते, तिची जखम कडा आक्रसून मिटते. आज हळद, कडुनिंब, कोरफड घातलेल्या नॅनोतंतूंच्या पट्ट्यांवर प्रयोगशाळांमधून निबंधांमागून निबंध निघतात. त्यातले बहुतेक उंदरांवर थांबलेले असतात. म्हणून त्यांच्या मथळ्यांनी हुरळून जाऊ नये, असं माझं मत झालं आहे.

तेव्हा चांगल्या पट्टीने काय करायचं? जखम ओली ठेवायची, पण चिघळू द्यायची नाही. चिकटायचं नाही. स्वतः निर्जंतुक असायचं. औषध असलं तर उत्तम, नसलं तरी चालतं. यात वनस्पतीचे 'गुण' कुठेच नाहीत हे लक्षात घ्यावं. वॉर्डात पानाने बाजी मारली ती औषध म्हणून नव्हे, आवरण म्हणून.

नुसतं आवरणही पुरतं, हे मुंबईत सिद्ध झालं, तेही दोनदा. पहिल्यांदा परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात. प्लास्टिक सर्जन डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी बटाट्याच्या उकडलेल्या साली वापरायला घेतल्या. 1985 साली 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांचा आणि ए. आर. पाटील यांचा पहिला अहवाल आला. उकडलेल्या बटाट्याची साल गॉजच्या पट्टीवर एकीला एक लागून बसवायची, पट्टीची गुंडाळी करायची, ती ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढायची आणि मग जखमेवर उलगडायची. सालीची बाहेरची तपकिरी बाजू म्हणजे खरं तर बुचासारखा थर. बटाटा महिनोन्‌महिने पोत्यात सुकत नाही तो या थरामुळे. तोच थर जखमेतली ओल धरून ठेवी. नुसत्या गॉजखाली जिथे जखम वाळून खोल जात होती, तिथे सालीखाली वरचा जिवंत थर तगत होता. साल स्वतः जंतू मारत नाही हे केसवानींनी तपासलं आणि लिहिलंही. पुढच्या अभ्यासात त्यांनी दाखवलं की जखमेत जंतू सापडूनही कातडी भरत होती. मला या संशोधनातली ही गोष्ट सर्वांत आवडते. आपल्या सालीत काहीतरी अद्भुत अर्क आहे असं म्हणण्याचा मोह त्यांनी आवरला.

अडचण होती ती कामाची. एका मुलाच्या पाठीला पुरेल एवढी पट्टी करायची तर किती बटाटे उकडायचे, किती साली न फाटता काढायच्या आणि एकेक करून गॉजवर बसवायच्या! वॉर्डातल्या मावशींचा अर्धा दिवस त्यातच जाणार.

दुसरा प्रयोग तिथून फार लांब नव्हता. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, ज्याला सगळी मुंबई सायन हॉस्पिटल म्हणते, शल्यचिकित्सा विभागाच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. याच रुग्णालयात त्यांच्या पुढाकाराने 2000 साली देशातली पहिली त्वचापेढी उभी राहिली. म्हणजे महागड्या आणि अवघड उपायांची त्यांना माहिती नव्हती असं नाही. केळीचं पान मोठं; एका पानात पाठ झाकते. त्याच्यावर मेणाचा नैसर्गिक लेप असतो, त्यावर काही चिकटत नाही. पानगी करणाऱ्या कोकणातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पीठ तव्यावर भाजून निघतं आणि पान सोलल्यासारखं सुटून येतं. पान धुवायचं, मधली जाड शीर काढून टाकायची, बेताचे तुकडे करायचे, कापडी पट्टीवर लावून पाकिटात घालायचे आणि ऑटोक्लेव्हच्या ड्रममध्ये ठेवायचे. वाफेतून निघालेलं पान काळपट हिरवं, मऊ होतं, अंगाच्या वळणाने बसतं.

2003 साली 'बर्न्स'मध्येच डॉ. गोरे आणि डी. अकोलेकर यांचे दोन निबंध आले. एकात कातडी रोपणासाठी जिथून कातडी काढतात त्या जागेवर केळीचं पान आणि व्हॅसलिन गॉज यांची तुलना होती. कातडी काढलेली जागा ही भाजल्याच्या जखमेइतकीच दुखते, कधी जास्तच. ज्यांच्या एका मांडीवरून कातडी काढून दुसरीकडे लावली आहे, ते रोपणाची जागा विसरतात आणि काढलेल्या जागेबद्दल तक्रार करतात. पानाखाली ही जागा दुखेनाशी झाली आणि पट्टी बदलणं विनासायास होऊ लागलं. दुसऱ्या निबंधात भाजल्याच्या जखमांवर केळीचं पान आणि बटाट्याची साल समोरासमोर ठेवली. दोन्हींखाली जखमा सारख्याच भरल्या. पण पानाची पट्टी करायला कितीतरी सोपी आणि अनेक पटींनी स्वस्त निघाली. अर्थात, दादरच्या फूलबाजारात पहाटे पानांचे भारे उतरतात त्या शहरात हा कच्चा माल मिळवायला अडचण ती काय? आपल्या देशातल्या त्वचारोगाच्या वॉर्डांत फोड येऊन अंगाची साल निघालेल्या पेशंटला आख्ख्या केळीच्या पानांवर झोपवण्याचा रिवाज आहेच. चादर अंगाला चिकटते, पान चिकटत नाही.

सोलापूरची गोष्ट तिसरी. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 104 भाजलेल्या रुग्णांची विभागणी केली. 52 जणांना मधाचं गॉज, 52 जणांना सिल्व्हर सल्फाडायाझिन. 1991 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त निकाल आला. मधाच्या गटात 91 टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात 7 टक्के. मधात साखर इतकी दाट असते की ती जंतूंतलं पाणी ओढून घेते. शिवाय तो आम्लधर्मी असतो आणि जखमेतल्या पाण्याने पातळ झाला की त्यातलं एक विकर थोडंथोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत राहतं. 1996 साली सुब्रह्मण्यम यांनी मध आणि बटाट्याची साल यांचीही तुलना केली. मधाखाली जखमा सरासरी 10.4 दिवसांत भरल्या, सालीखाली 16.2 दिवसांत.

इथे जरा सावध राहायला हवं. मधाचे भाजण्यावरचे बरेचसे पुरावे या एकाच केंद्रातून आले, आणि ज्याच्याशी तुलना केली ते पांढरं मलमच जखम भरायला उशीर लावतं असं पुढे दिसून आलं. मंद धावणाऱ्याला हरवलं म्हणून कोणी शर्यतीचा विक्रम केला असं होत नाही. तरीही मधाची बाजू पुरती कोसळली नाही. कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात, वरवर भाजलेल्या जखमा मधाखाली नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात, हा निष्कर्ष टिकून राहिला. दरम्यान न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधाला ब्रँड मिळाला, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या नळ्या निघाल्या आणि 2007 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधाच्या पट्टीला परवानगी दिली. सोलापूरचा मध मात्र निबंधातच राहिला.

समुद्राने दिलेल्या पट्ट्यांचं नशीब उलट निघालं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या तपकिरी शैवालातून एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी 1881 साली अल्जिनिक आम्ल वेगळं केलं. मालवणच्या खडकांवर ओहोटीला उघडं पडणारं सरगॅसम हे त्याच तपकिरी शैवालांपैकी. या अल्जिनेटनेच आइस्क्रीम घट्ट होतं आणि दाताच्या डॉक्टरकडे ठसा घेतात तो गुलाबी लगदाही याचाच. त्याचा कॅल्शियमयुक्त तंतू कातून कापसासारखी गादी बनवली की ती जखमेवर मोठी चतुराईची देवाणघेवाण करते. जखमेतल्या पाण्यात सोडियम असतं. तंतू आपलं कॅल्शियम देतो, सोडियम घेतो आणि स्वतः फुगून जेली बनतो. सुटलेलं कॅल्शियम रक्त गोठायला मदत करतं. पट्टी काढताना ओढायचं नसतं, सलाइनने धुऊन टाकायचं. खूप झरणाऱ्या जखमेला ही पट्टी छान, कोरड्या जखमेला निरुपयोगी. 1980 च्या दशकात कंपन्यांनी ती बाजारात आणली आणि आज कुठल्याही मोठ्या खासगी रुग्णालयाच्या बिलात तिचं नाव सापडेल.

कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलांमधल्या कायटिनवर अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. त्याच्यावर धन विद्युतभार असतो, तांबड्या रक्तपेशींच्या आवरणावर ऋण. दोघं एकत्र आले की रक्त साकळतं, तेही रक्तातल्या गोठवणाऱ्या प्रथिनांची वाट न पाहता. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकन सैनिकांच्या खिशात ही पट्टी गेली. अहमदाबादच्या एका कंपनीने 'ॲक्सिओस्टॅट' नावाने तशीच पट्टी भारतात बनवली आणि ती आपल्या सैन्यदलांपर्यंत पोचली. हा आपल्याकडचा एक खरा यशस्वी प्रवास. त्याचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही.

आणि कांडोळ. सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर पांढऱ्याफटक सालीचं, चांदण्यात चमकणारं, म्हणून भुताचं झाड म्हणून ओळखलं जाणारं. कुठे त्याला कहांडळ म्हणतात, कुठे पांढरूक. त्याच्या खोडावर घाव घातला की कराया गोंद झरतो. आदिवासी तो गोळा करतात आणि भारतातून तो परदेशी जातो. 1950 च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्या लक्षात आलं की हा गोंद ओल्या, सोलवटलेल्या कातडीलाही धरतो आणि तिचं रक्षण करतो. आतड्याचं तोंड पोटावर काढलेल्या पेशंटची आजूबाजूची कातडी मैल्याने सोलवटून निघते. कराया गोंदाच्या चकत्यांनी त्यांना माणसांत वावरता येऊ लागलं. पुढे पेक्टिन, जिलेटिन वगैरे मिसळून ज्या हायड्रोकोलॉइड पट्ट्या निघाल्या, त्यांची पाळंमुळं याच गोंदात आहेत. गोंद काढणाऱ्याच्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र असली पट्टी शोधूनही मिळायची नाही.

मग आपल्या पानाचं काय झालं? उत्तर हळदीत आहे. 1995 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने आव्हान दिलं; आजीबाईचा बटवा पुरावा म्हणून चालत नाही, छापील कागद लागतो, म्हणून जुने ग्रंथ आणि 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख शोधून काढला. 1997 साली पेटंट रद्द झालं. देशाने आनंद साजरा केला, आणि ते रास्तच होतं. सुश्रुताने जखमेच्या साठ उपचारांत पानांनी झाकण्याचा उपचार स्वतंत्र नोंदवला आहे, तेव्हा पानाचं पेटंटही कुणाला सहजासहजी मिळणार नाही.

पण या विजयाची दुसरी बाजू आपण नीट पाहिली नाही. ज्याची मक्तेदारी कुणाला मिळत नाही, ते कुणी बनवतही नाही. यात कंपनीची काही चूक नाही. दादरला रोज भाऱ्याने मिळणाऱ्या पानाची पट्टी विकून तिला काय मिळणार? परवाना, चाचण्या, निर्जंतुक पाकीट, वितरण हा सगळा खर्च करायचा आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्याने तेच करायचं. म्हणून केळीच्या पानाच्या पट्टीचं पाकीट मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. ती जिथे होते तिथे कुणा एका सर्जनच्या हट्टावर होते. तो निवृत्त झाला, सिस्टर बदलली, ड्रमच्या वेळा बदलल्या की पुन्हा गॉजचा तागा.

सार्वजनिक ज्ञानाचं उत्पादन सार्वजनिकच असायला हवं, आणि मुंबईत त्याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी 1988 पासून आहे. बाळंतपणानंतर एरवी टाकून दिलं जाणारं वारेचं पातळ आवरण ती स्वच्छ करते, सुकवते, गॅमा किरणांनी निर्जंतुक करते आणि जखमेची पट्टी म्हणून पुरवते. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आवारात 1974 पासून वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा 'आयसोमेड' प्रकल्प चालतो. परळलाच हाफकिन आहे. पिढ्यान्‌पिढ्या लशी आणि सर्पदंशाचं औषध तिथे तयार झालं. जळगाव जिल्ह्यात केळीची पानं बागेत कुजतात. या चार गोष्टी एकमेकींना जोडायला नव्या शोधाची गरज नाही. लागेल तो एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश, एका रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात चार माणसं आणि आजच्या निकषांवर मोठी, अनेक केंद्रांत चालणारी चाचणी. पान, मध, अल्जिनेट यांना एकत्र उतरवणारी चाचणी सरकारनेच करावी, कारण तिच्यात दुसऱ्या कुणाला रस असण्याचं कारण नाही. निकाल पानाच्या विरुद्ध गेला तर तोही छापावा.

तोवर वाचकांना एक कळकळीचं सांगणं. हा लेख वाचून घरातल्या भाजल्यावर केळीचं पान, बटाट्याची साल किंवा डब्यातला मध लावायला जाऊ नका. वॉर्डातलं पान ऑटोक्लेव्हमधून आलेलं असतं, दाराशी उगवलेल्या पानावर धूळ आणि जंतू असतात. दुकानातल्या मधात जंतूंची बीजं असू शकतात. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यांतलं काहीही नको. फटाक्याने, दिव्याने, कढईतल्या तेलाने भाजलं तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण 20 मिनिटं धरा. घड्याळ लावून धरा, कारण पाच मिनिटांतच पुरे झालं असं वाटतं. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्याने सैल झाका. चेहरा, हात, सांधे, गुप्तांग यांपैकी काही भाजलं असेल, तळहातापेक्षा मोठी जागा असेल, किंवा भाजलेलं लहान मूल असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.